चार तारांचं जू

माझ्या घरात माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही! टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, बोर्डाच्या भोकांना चिकटपट्टी, फिनेल थेट माळ्यावर. मुंगीलाही आमच्याकडे यायचं असेल तर चौकशीला तोंड द्यावं लागतं. कारण एकच, आमचा शौर्य. वय दीड वर्ष, व्यवसाय चाटणे. दिसेल ती वस्तू तो आधी चाटतो आणि मग ती काय आहे ते बघतो. त्यामुळे त्याच्या हाताला लागेल अशी प्रत्येक वस्तू मी आधीच तपासलेली असते. एवढी सावध बाई अख्ख्या वारूळवाडीत सापडणार नाही, असं मी माहेरी मंचरला फोन करून सांगायचे.

सांगायचे! आता नाही सांगत.

झालं असं, की एका संध्याकाळी आमचे नवनाथराव मोबाईलमधून डोकं वर काढून म्हणाले, "प्राची, मी बेस गिटार बनवणार."

"विकत घेणार?"

"छे! विकत कोणीही घेतं. बनवणार!"

"तुम्हाला वाजवता येते?"

"बनवल्यावर शिकेन ना!"

बेस गिटार म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. लग्नाच्या डीजेसमोरून जाताना पोटात जे गुडगुडतं ना, ते बहुतेक तिचंच काम. जाड जाड चार तारा आणि हत्तीच्या घोरण्यासारखा आवाज. म्हणे जगभर हौशी लोक आपापल्या गॅरेजमध्ये बसून अशा गिटारी बनवतात, जुन्या खोलून नव्या करतात आणि एकमेकांना व्हिडिओ पाठवतात.

"आपल्याकडे गॅरेज कुठंय?" मी विचारलं.

"गोठा आहे ना!"

या उद्योगात यांचा भागीदार पारस. नारायणगावात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. नट, बोल्ट, स्क्रू यांत बालपण गेलेला माणूस. "वहिनी, तुम्ही फक्त हो म्हणा. सामान माझ्याकडं पडूनच आहे!"

मी हो म्हणाले. नवरा डोळ्यांसमोर राहील, एवढाच विचार केला. पण अटी घातल्या. केमिकलचं पॉलिश नको. डिंकाने चिकटवलेलं प्लाय नको. "शौर्यने चाटलं तरी चालेल, असं लाकूड पाहिजे!"

दोघं आठ-पंधरा दिवस हिंडले. पारसने आणलेलं एक लाकूड मी हुंगून परत पाठवलं, दुसरं ओल्या फडक्याने पुसून परत पाठवलं. शेवटी पारस हात जोडून म्हणाला, "वहिनी, आता तुम्हीच आणा!"

मीच आणलं. गोठ्याच्या माळ्यावर आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बैलगाड्याच्या शर्यतीचं जुनं जू पडलं होतं. वर्षानुवर्षं तेल पिऊन काळं कुळकुळीत झालेलं. वाळून इतकं खणखणीत, की आता ते वाकणार नाही, फुगणार नाही. केमिकलचा तर थेंब नाही! शर्यती बंद होत्या तेव्हा ते वर गेलं ते गेलंच. यंदा आबांनी नवं हलकं जू करून घेतलं होतं.

"आबांना विचारायचं का?" मी म्हटलं.

"त्यांना कशाला त्रास!" नवनाथ म्हणाले. नवऱ्याचं सगळं ऐकणारी मी नव्हे, पण हे एक ऐकलं.

आणि मग काय सांगू, मलाच त्या कामाची गोडी लागली! तारेखाली एक डबी बसवतात, तिला म्हणतात पिकअप. आमच्या भागात पिकअप म्हणजे टोमॅटो घेऊन मार्केटला पळणारी गाडी, पण ही वेगळी. लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की त्या वेढ्यांत इवलासा करंट तयार होतो आणि आवाज मोठा करणाऱ्या मशीनला जोडलं की त्याचा आवाज होतो. मला हे वाचून राहवेना. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तार आली, आणि शौर्य दुपारी झोपला की मी शिलाई मशीनच्या बॉबिनच्या चाकावर ती गुंडाळत बसायचे. चुंबक पोराच्या पोटात जाऊ नयेत म्हणून वरून एम-सील थापलं आणि त्यावर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. तांबडी वायर, काळी वायर, वायर खुपसायचं भोक. कसं सुरक्षित!

जू मात्र कापलं नाही. "तार जेवढी लांब, तेवढा आवाज जाडा," असा शोध पारसने लावला होता. धड नंतर जोडायचं ठरलं. त्यामुळे गिटार दिसायची जुवासारखीच, फक्त टोकाला कान पिळायच्या चार खुंट्या.

मशीनला न जोडता तार छेडली तर आवाज जेमतेम डासाएवढा. पण शौर्यने जुवाच्या टोकाला दात लावले आणि तो खदाखदा हसायला लागला. नवनाथने पुन्हा तार ओढली, पोरगं पुन्हा हसलं! असं काय आहे त्यात? मी इकडंतिकडं बघितलं आणि मीही टोकाला दात लावले. अहाहा! दातांतून कवटीत, कवटीतून पाठीच्या कण्यात, सगळीकडे गुंऽऽ! तेवढ्यात दारात सासूबाई. माझ्या सासूबाई कुशाबाई, हातात धारेची चरवी.

"अगं बया! भूक लागली व्हती तर सांगायचं न्हाई का? लाकडं काय खातीस!"

त्या दिवसापासून मी गिटार जुन्या गोधडीत गुंडाळून, सुतळीने बांधून पुन्हा माळ्यावर ठेवायला लागले. तारा पोराच्या बोटांना लागतील, ही काळजी. मशीनला जोडायची लांब वायर तर त्याच्या गळ्याभोवतीच गुंडाळली जाईल, म्हणून ती काढून माझ्या पर्समध्ये.

आता आबांबद्दल सांगायला हवं. शर्यती बंद झाल्या तेव्हा आबांनी बैल विकले, आणि त्यानंतर यात्रेच्या दिवशी ते घराबाहेरच पडायचे नाहीत. शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी एक खोंड घेतला, पाखऱ्या. त्याला जीव लावून वाढवला. यंदा पाखऱ्या पहिल्यांदा पळणार होता. जोडीला येडगावच्या गेणभाऊंचे बैल. गेणभाऊ म्हणजे आबांचे शाळेपासूनचे मित्र, आबांना नुसतं 'भगवंता' म्हणून हाक मारणारे. आमच्याकडे शर्यतीच्या चढाला घाट म्हणतात आणि एकेका गाड्याच्या धावेला बारी. पुकारा झाला आणि गाडा सुरुवातीच्या निशाणापाशी नसला, की बारी बाद. मग बसा पुढच्या यात्रेपर्यंत!

यात्रेच्या सकाळी मी चहा ठेवत होते. भाकरी थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "तुझं लई कवतिक करीत गेले गं आबा."

"माझं? का?"

"काल सरावाला नवं जू तडकलं नव्हं का. आज पहाटं जुनं काढाय माळ्यावर चढले. तर म्हणत्यात, सुनेनं माझं जू कसं गोधडीत गुंडाळून ठिवलंय, पोटच्या पोरावाणी! तसंच उचलून घाटावर घिऊन गेले."

चहा उतू गेला. जाऊ दिला!

मोटारसायकलवर पुढे नवनाथ, मागे मी, मध्ये शौर्य. त्याच्या डोक्यावर टोपरं, टोपऱ्यावर माझी ओढणी, ओढणीवर माझा हात. मी एकाच दमात "हळू चालवा" आणि "लवकर चला" म्हणत होते.

घाटावर पोचलो तर आबांभोवती ही गर्दी! मधोमध तपासणीला आलेले जनावरांचे डॉक्टर. त्यांनी आमची गिटार रुमालात धरून अंगापासून हातभर लांब ठेवली होती, जणू मेलेली घोरपड. आता शर्यतीला नियम कडक आहेत. चाबूक नको, काठी नको, टोचणी नको, आणि बैलाला करंट तर मुळीच नको!

"हे कॉईल कशाचं?" डॉक्टर विचारत होते. "ही वायर? आणि हे काळ्या पट्टीत काय लपवलंय?"

"सायब, देवाशपथ, मला न्हाई ठावं," आबा म्हणाले. "माझ्या सुनंनं ठिवलं व्हतं!"

अख्ख्या घाटाने माझ्याकडे बघितलं. पारस गर्दीत होता. तो पटकन म्हणाला, "मी फक्त स्क्रू दिलेत हां!"

गेणभाऊंचा चेहरा तांबडालाल. "भगवंता, माझ्या बैलास्नी करंट द्याया निगाला व्हतास व्हय रं? लेकरावानी संबाळलेत म्या!"

आबा फेट्याचा शेमला नुसता बोटांनी चुरत राहिले. बारी तर जाणारच, वर एवढ्या वर्षांचा मित्रही जाणार!

मी पुढे झाले. "डॉक्टर, ते करंटचं यंत्र नाही. ती गिटार आहे."

"मॅडम, मी गिटार पाहिलीय."

"बेस गिटार आहे. धड बसवायचं राहिलंय."

"मग वाजवून दाखवा."

नवनाथने तार ओढली. डास! लोक खोखो हसले.

"आवाज कुठंय?"

"त्याला मशीनला जोडावं लागतं."

"म्हणजे करंट लागतो!"

"हो... म्हणजे नाही! म्हणजे गिटारला लागतो, बैलाला नाही!"

"आत्ता कसं बोलल्या!" मागून कोणीतरी म्हणालं.

तिकडे भोंग्यावर निवेदक सुरू झाला, "भगवंत आबांचा गाडा! भगवंत आबा, निशाणावर या! पहिला पुकारा!" कोणाचं तरी जू मागून आणून पोरांनी बैल निशाणावर जुंपूनही ठेवले होते. पण डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय निशाण पडणार नव्हतं. "दुसरा पुकारा!"

मी पर्स उघडली. डायपर बाजूला, पावडर बाजूला, तापाचं औषध बाजूला, तळातून वायर निघाली. निवेदकाच्या मंडपात घुसले, एक टोक त्याच्या मशीनला, दुसरं जुवाला. "अहो ताई, अहो ताई," असं तो म्हणतोय तोवर मी नवऱ्याला ओरडले, "वाजवा!"

नवनाथला येऊन जाऊन एकच सूर येत होता. घाबरलेला माणूस जोर जरा जास्तच लावतो. त्यांनी सगळ्यात जाड तार अशी ओढली, जशी विहिरीतून कळशीच ओढतायत.

ढुंऽऽऽऽऽऽ!

घाटभर बांबूंवर बांधलेले सगळे भोंगे एकदम बोलले. उसाच्या रसाच्या गाड्यावरचे ग्लास नाचायला लागले. जमीन पायाखालून गुदगुल्या करत गेली. एका म्हाताऱ्याने भूकंप समजून हात जोडले. शौर्यने टाळ्या वाजवल्या. आणि डॉक्टर! त्यांचा चेहरा एकदम फुलला. "अरे, हे खरंच वाजतं की! हे वेढे किती दिलेत हो?"

मी सांगायला तोंड उघडलं, तोच मागून आरोळी उठली. वळून बघते तर धुरळा! निशाणावरचे बैल धरणाऱ्यांच्या हातांतून निसटून चढाला लागलेले! पाखऱ्या सगळ्यांत पुढे, शेपूट उभी, कान मागे. गाडा जमिनीला टेकतोय की नाही कळेना. शिट्ट्या, आरोळ्या, भंडाऱ्याची उधळण! आम्ही श्वास घ्यायच्या आत बैल घाटाच्या माथ्यावर.

"आरारारारा!" निवेदकाचा आवाज चिरकला. "मंडळी, अशी बारी या घाटानं बघितली न्हाई! वाऱ्यालाबी मागं टाकलं राव! वेळ आहे... वेळ आहे..."

वेळ नव्हती. निशाणवाल्याचं निशाण अजून त्याच्या काखेत होतं आणि तो पाणी पीत होता. निशाण पडलं नाही म्हणून घड्याळ चालू झालं नाही.

"...वेळ न्हाई! बारी बाद!"

बैलांमागे पळालेले गेणभाऊ माथ्याकडून धावत येताना दिसले. आता मारामारी होणार, म्हणून मी शौर्यला कडेवर घेतलं. ते धापा टाकत आबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "भगवंता, वाजवलं काय रं ते? माझा म्हातारा बैल असा पळालेला म्या जन्मात बघितला न्हाई!"

आबांच्या डोळ्यांत पाणी होतं, अंगावर भंडारा. "घड्याळानं न्हाई बघितलं," ते म्हणाले, "पर समद्या घाटानं तर बघितलं नव्हं!"

जुवापायी आम्ही दोघं मात्र जीव मुठीत धरून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून आबांची हाक आली.

"ही तुमची गिटार पुरी कवा व्हनार?"

"आबा, आम्ही जू परत—"

"ते ऱ्हाऊ द्या. नियमात चाबूक न्हाई, काठी न्हाई. गिटार न्हाई, असं कुठं म्हनलंय?"

तेव्हापासून आमच्या गोठ्यात रोज सराव चालतो. नवनाथ वाजवतात, आबा पाखऱ्याचे कान निरखतात आणि मान हलवून म्हणतात, "आवाज बारीक हाय." पारस दुकान सोडून इथंच असतो. डॉक्टरही लसीकरणाच्या निमित्ताने चकरा मारतात. गेल्या खेपेला त्यांनी पिशवीतून हळूच एक फळी काढून विचारलं, "या लाकडाची होईल का हो?"

सगळं अगदी रंगात आलेलं. आणि काल गेणभाऊंचा फोन आला. आबांनी स्पीकरवर टाकला.

"भगवंता, वाईट खबर हाय. कमिटीनं पुढल्या यात्रेचं नियम केले. चाबूक न्हाई, काठी न्हाई, करंट न्हाई. आन चार तारांचं कसलंबी वाद्य घाटात आनायचं न्हाई!"

नवनाथचे हात तारेवरच थांबले. पारसने डोकं धरलं. आबांनी पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग फोनकडे वाकून म्हणाले,

"गेण्या, चारच म्हनलंय नव्हं?"

"व्हय, चारच."

"बरं." आबांनी फोन ठेवला आणि नवनाथकडे वळले. "पाचवी बसव!"

लहान मूल असलेल्या घरात आणखी एक तार नको, असं मी ठामपणे सांगणार होते. तोंडही उघडलं होतं. पण खरं सांगू? तोंडातून निघालं ते असं, "जाड आणूया की बारीक?"