खिळ्याला काहीही होत नाही

रसायनशास्त्राचा पेपर सुटून दहा मिनिटंही झाली नव्हती, तोवर शाळेच्या पायऱ्यांवर निकाल लागायला सुरुवात झाली होती. निकाल लावणारी मुलगी वर्गात कायम पहिली यायची आणि पुस्तकातली कुठलीही ओळ पान नंबरासकट सांगायची, म्हणून सगळ्या तिला गाईड म्हणत. परीक्षा झाली की ती सगळ्यात वरच्या पायरीवर प्रश्नपत्रिका मांडीवर घेऊन बसे, खालच्या मुली आपापली उत्तरं सांगत, आणि ती पेन्सिलीनं गुण टाकत जाई. बाईंनी दिलेले गुण तिच्या बेरजेशी जुळले नाहीत, तर मुली बाईंकडे संशयानं बघत.

"चिमणी, छत्तीस. काठावर का होईना, वाचलीस. कप्तान, तेहेतीस."

पास व्हायला पस्तीस लागत होते. कप्तान म्हणजे शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची कप्तान. संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला होता, सामना शनिवारी होता, आणि खेळाच्या सरांचा नियम असा की एका जरी विषयात गचकलात तर मैदानात पाऊल टाकायचं नाही. सर एरवी मऊ माणूस, पण या नियमाच्या बाबतीत भिंतीला डोकं आपटलेलं परवडलं.

"माझे दोन कुठे गेले?"

"प्रश्न सातवा. 'मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून तुम्ही केलेल्या प्रयोगात काय दिसले ते लिहा.' तू काय लिहिलंस?"

"खिळ्याला काहीही होत नाही."

पायऱ्यांवर खसखस पिकली. गाईड मात्र हसली नाही. चुकीच्या उत्तराचं तिला मनापासून दुःख व्हायचं.

"अगं, खिळ्यावर तांबूस थर चढतो. निळं द्रावण हिरवट होतं. पान एकशे बारा, खालून चौथी ओळ."

"तू पाहिलास थर?"

"एकशे बारा पानावर..."

"पानावर नाही गं, नळीत. पाहिलास?"

"सगळ्यांनी तेच लिहिलंय," गाईड म्हणाली.

"सगळ्यांनी काय लिहिलं ते नाही विचारत मी. पाहिलास का ते सांग."

खरं सांगायचं तर कप्तानानं पान एकशे बारा उघडलंच नव्हतं. त्यामुळे पेपरात स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्यावाचून तिला गत्यंतरच नव्हतं. पण सगळ्या जणी हसल्या, आणि ती पेटली. दोन गुणांसाठी भांडायला उठलेली मुलगी शेवटची पायरी उतरेपर्यंत तत्त्वासाठी भांडू लागली होती.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? चला प्रयोगशाळेत!"

प्रयोगशाळेत मामा काचनळ्या धुऊन ठेवत होते. शाळेतला हा शिपाई सगळ्यांचाच मामा होता.

"पेपर झाला ना? मग घरी जा. नळ्या धुवून झाल्यात."

"मामा, एकच नळी. एकच खिळा."

"बाईंना विचारलंत?"

"बाईंनाच दाखवायचंय. आणि नाही दिलीत तर मी इथून हलणार नाही."

ती खरोखरच स्टुलावर बसली. दारात वीसेक मुली जमल्या होत्या. मामांनी सुस्कारा सोडला, निळं द्रावण ओतलं आणि पत्र्याच्या डब्यातून एक खिळा काढून त्यात सोडला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. गाईड नळीला नाक लावून बसली होती.

"पुस्तकात किती वेळ दिलाय?" कप्तानानं विचारलं.

"पंधरा मिनिटं."

वीस मिनिटांनी मामांनी खिळा बाहेर काढला. तो इतका लखलखीत होता की गाईडला त्यात स्वतःचा चेहरा दिसला असता, आणि तो चांगलाच पडला होता. तेवढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बाई आत आल्या.

"हा काय बाजार मांडलाय?"

कप्तानानं एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी खिळा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मामांकडे वळल्या.

"मामा, हे खिळे लोखंडाचे आहेत?"

"लोखंडाचे कुठं टिकतात, बाई?" मामा अभिमानानं म्हणाले. "एका प्रयोगात त्यांची वाट लागते. दर वर्षी नवे मागा, ऑफिसची बोलणी खा. मी आपले स्टीलचे आणले. नऊ वर्षं झाली, एक वाया गेला नाही. धुतला की नवा."

"नऊ वर्षं? मग तांबूस थर येत नाही हे तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"मी प्रयोग करत नाही, बाई. मी धुतो."

बाई हळूच स्टुलावर टेकल्या. नऊ वर्षांच्या प्रयोगवह्या, प्रत्येक वहीत तांबूस थर, आणि प्रत्येक थराखाली त्यांची सही. कप्तानानं हीच वेळ साधली. प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवून तिनं एकेक शब्द मोठ्यानं वाचला.

"'तुम्ही, केलेल्या, प्रयोगात!' बाई, यात पुस्तकाचं नावसुद्धा नाही. मला दोन गुण पाहिजेत. आणि आता प्रश्न गुणांचाही नाही, तत्त्वाचा आहे. जिनं पाहिलेलं लिहिलं तिचंच बरोबर. बाकी सगळ्यांचं चूक!"

मुलींनी टाळ्या पिटल्या. चिमणीनं तर शिट्टी मारली. चिमणी म्हणजे संघाचा अर्धा जीव. ती चेंडू उचलून द्यायची आणि कप्तान तो हाणायची. बाईंनी गठ्ठ्यातून कप्तानाचा पेपर काढला आणि लाल पेनानं सातव्या प्रश्नापुढे दोन गुण लिहिले. कप्तान पास झाली.

पण पेनाचं टोपण काही बाईंनी लावलं नाही.

"पटलं मला तुझं. चिमणे, तू काय लिहिलंस?"

"तांबूस थर, बाई."

"दिसला होता?"

चिमणीनं कप्तानाकडे पाहिलं. कप्तान छताकडे पाहू लागली.

"नाही, बाई."

"चौतीस," गाईड पुटपुटली. मग स्वतःचेही दोन गेले हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचे डोळे भरून आले.

"बाई, असं कसं?" कप्तान उसळली. "तिनं पुस्तकात पाहिलं. पाहिलं म्हणजे पाहिलंच की!"

"'तुम्ही केलेल्या प्रयोगात'," बाईंनी वाचलं. "मघाशी तूच बोट ठेवून दाखवलंस."

"मग माझेही कापा!"

"बरोबर उत्तराचे गुण कसे कापू? तत्त्वाचा प्रश्न आहे."

कप्तान अर्धा तास भांडली. खिळे शाळेचे, मग चूकही शाळेची, असंही म्हणून झालं. बाईंनी ते मान्य केलं आणि नवे खिळे आणून सोमवारी पुन्हा प्रयोग घ्यायचं कबूल केलं. सामना शनिवारी होता. आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेर आल्यावर चिमणी म्हणाली, "जाऊ दे गं. तू काही चुकीचं बोलली नाहीस." कप्तानाला तेच सगळ्यात जास्त लागलं. तिला रडू आलं आणि तिनं ते खोकल्यात दडवलं.

राखीव खेळाडूचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. सहावी मुलगी आणायची कुठून? शेवटी गाईड स्वतःहून आली. सामन्यात उतरणाऱ्या मुलीला शाळा वर्षाअखेरीला दोन वाढीव गुण देते, हे तिनं नियमावलीत वाचलं होतं.

शनिवारी ती चिमणीचा ढगळ शर्ट घालून जाळीपाशी उभी राहिली.

"मी खेळाचं पुस्तक वाचलंय. पान सदतीसवर लिहिलंय की..."

"पान सदतीस गेलं खड्ड्यात! चेंडूकडे बघ!"

शिट्टी झाली. चेंडू आला. गाईडनं डोळे गच्च मिटले. चेंडू तिच्या कपाळावर आदळला आणि थेट वर गेला, चिमणी द्यायची तसा, अगदी तिथंच. कप्तानानं उडी मारून तो असा हाणला की समोरच्या सहाही जणी नुसत्या बघत राहिल्या. रेषेबाहेरून चिमणीची शिट्टी ऐकू आली. पहिला गुण!

"लागलं का गं?" कप्तानानं विचारलं.

"छे! मला काहीही झालेलं नाही," गाईड ताठ मानेनं म्हणाली. "तुला काही दिसतंय का?"

कप्तानानं नीट पाहिलं. गाईडच्या कपाळावर हळूहळू एक तांबूस थर चढत होता.

"नाही बाई," कप्तान म्हणाली. "मला काहीच दिसत नाही."