फुकटचा पत्ता

माणसाची लायकी त्याच्या ईमेलच्या पत्त्यावरून कळते, असं माझं ठाम मत होतं. (होतं. हल्ली घरात माझं मत कोणी विचारत नाही.) फुकटच्या ईमेलवर आयुष्य काढणाऱ्या लोकांची मला कीव यायची. दुसऱ्याच्या ओसरीवर पथारी टाकायची आणि तोरा मात्र घरमालकाचा. या मंडळींत सगळ्यात पुढे माझा मेहुणा. त्याचं टायरचं दुकान आहे. त्याच्या पत्त्यात 'टायरकिंग' हा शब्द आहे आणि त्यापुढे त्याच्या पहिल्या मोटरसायकलचा नंबर. मोटरसायकल कधीच भंगारात गेली, पत्ता अजून धावतोय. तो त्याने व्हिजिटिंग कार्डावर सोनेरी अक्षरांत छापून घेतलाय, आणि हे कार्ड तो लोकांना न मागता देतो.

माझी बायको पडदे शिवते. आमच्या हॉलमध्ये सोफा आहे, पण त्यावर बसायचं तर आधी कापडाचे तागे उचलावे लागतात. एका नव्या हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचे पडदे शिवायचं काम तिला मिळायच्या बेतात होतं. इतकं मोठं काम तिच्याकडे आधी कधी आलं नव्हतं. दरपत्रक टाइप करायला मी बसलो.

"खाली माझा नेहमीचा ईमेल टाका," ती म्हणाली.

नेहमीचा म्हणजे फुकटचा. मी तिला समजावलं, की मोठ्या हॉटेलचा मॅनेजर असला पत्ता बघून दरपत्रक बाजूला ठेवेल. स्वतःच्या नावाचं डोमेन पाहिजे.

"चालेल," ती म्हणाली. "फक्त त्यांचा मेल चुकला नाही पाहिजे. शुक्रवारी कळवणार आहेत, आणि लगेच होकार दिला नाही तर काम दुसऱ्याला जाईल."

"माझ्यावर सोड," मी म्हणालो. (हे वाक्य ऐकलं की आमच्या घरातली माणसं पुढचं निस्तरायच्या तयारीला लागतात.)

आता जाणकारांसाठी नाही, मेहुण्यासारख्यांसाठी सांगतो. डोमेन विकणारी कंपनी तुम्हाला नुसतं नाव विकते. त्या नावाने येणारी डाक सांभाळायला दुसरी कंपनी गाठावी लागते. मग डाक कोणाच्या दारात टाकायची हे पहिल्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन लिहून ठेवायचं. त्यासाठी दुसऱ्या कंपनीने मला काही ओळी दिल्या होत्या. त्या मी जशाच्या तशा चिकटवल्या आणि मेल सुरू झाला. दरपत्रकाखाली बायकोचा नवा पत्ता टाकून ते हॉटेलला पाठवूनही दिलं. मी बायकोच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिलो, पण तिने धाग्यावरची नजर काढली नाही.

मग मी माझं जुनं फुकटचं खातं कायमचं बंद केलं. बंद करताना ते "नक्की ना? परत मिळणार नाही हं" असं पुन्हा पुन्हा विचारत होतं. माझी इतकी काळजी घरात कोणी केलेली नाही. त्याच झटक्यात बायकोचंही खातं बंद केलं. दोन्ही कंपन्यांकडे संपर्कासाठी माझा नवा, भारदस्त पत्ता देऊन टाकला. पर्यायी पत्त्याचा रकाना होता, तो मी तुच्छतेने रिकामा सोडला.

इथवर सगळं ठीक होतं. पण मी ऑफिसात रेकॉर्ड विभागात आहे. निरुपयोगी कागद शोधून काढून टाकणं हे माझं काम, आणि हात मोकळे असले की मला राहवत नाही. चिकटवलेल्या ओळी पुन्हा बघताना एक ओळ दिसली. तिला ना अर्थ ना रूप, कीबोर्डवर मांजर चालून गेल्यासारखी नुसती अक्षरं आणि आकडे. कंपनीतल्या कोणा अडाण्याचा गलथानपणा, दुसरं काय. मी ती पुसून टाकली आणि समाधानाने चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मेल बंद. डाकवाल्या कंपनीच्या पानावर निरोप होता, की हे डोमेन तुमचंच आहे हे सिद्ध करणारी ओळ सापडत नाही, सबब सेवा थांबवली आहे. म्हणजे मांजर चालून गेलेली ओळ माझा सातबारा होती. ती परत टाकायला मी पहिल्या कंपनीकडे गेलो, तर सुरक्षेसाठी एक कोड माझ्या ईमेलवर पाठवला आहे, असं कळलं. मी फोन लावला.

"कोड ईमेलवर आला असेल, बघा," पलीकडची बाई म्हणाली.

"ईमेल बंद आहे. तो सुरू करायलाच मला आत यायचंय."

"मग आमच्याकडे लेखी तक्रार करा."

"कुठे करू?"

"ईमेलवर."

मी डोळे मिटून घेतले.

"तुमचा जुना ईमेल असेल ना एखादा?" तिने विचारलं.

"तो मी बंद केला."

"का हो?"

"फुकटचा होता."

पलीकडे कुजबुज ऐकू आली. बहुतेक तिने शेजारणीला ऐकायला बोलावलं असावं.

तक्रार करायला मेहुण्याचा पत्ता घेतला असता तर तेव्हाच सुटका झाली असती. पण त्यापेक्षा मी नोकरी सोडली असती. मी गप्प बसलो. शुक्रवार उजाडला. बायको सारखी विचारत होती, "आला का मेल?" आणि मी सांगत होतो, "मोठी हॉटेलं सावकाश चालतात."

दुपारी तिने हॉटेलला दाखवायला आणलेले नमुन्यांचे तुकडे एकेक करून घडी घालून पिशवीत भरले. "आपलं काम त्यांना साधं वाटलं असेल," ती म्हणाली. चिडून नाही, अगदी हळू आवाजात. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी सगळं सांगून टाकलं, ती ओळ, तो कोड, तिचं बंद केलेलं खातं, सगळं.

तिने फोन उचलून थेट हॉटेलच्या मॅनेजरला लावला. (फोन करता येतो, हे मला या सगळ्या दिवसांत सुचलं नव्हतं.)

"हो का, परत आला का मेल?" ती म्हणाली. "काम आपल्यालाच आहे? मग दुसरा पत्ता देते, लिहून घ्या." आणि तिने माझ्याकडे बघत, एकेक अक्षर सुटं करून, 'टायरकिंग' आणि मोटरसायकलचा पूर्ण नंबर सांगितला. पलीकडून काहीतरी ऐकून ती हसली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, हा पत्ता बरा आहे. लक्षात राहतो."

पडदे लागले. हॉटेलवाल्याने नंतर वर नवा मजला चढवला, त्याचंही काम दिलं. ते 'टायरकिंग'वरच आलं. माझं डोमेनही परत मिळालं, पण पर्यायी पत्ता दिल्याशिवाय कंपनी ऐकेना, आणि आमच्या घराण्यात चालू स्थितीतला पत्ता एकच उरला होता. आता कोड तिथेच जातो. त्यामुळे हल्ली मला माझ्याच डोमेनमध्ये शिरायचं असलं की आधी टायरच्या दुकानात फोन करावा लागतो. मेहुणा फोन स्पीकरवर टाकतो, गिऱ्हाइकांना जरा थांबायला सांगतो आणि म्हणतो,

"सांगतो, भाऊजी, कोड सांगतो. पण फुकटचा आहे. चालेल ना तुम्हाला?"