कुलपाच्या वाट्याला आलेलं चौथं प्रकरण

"बाई, तुम्ही स्वतः कधी परदेशात गेला आहात का हो?"

प्रश्न विचारला कुलपाने, आणि श्वास रोखला अख्ख्या वर्गाने!

कुलूप म्हणजे नववीतली एक मुलगी. हजेरीला "हजर" म्हणतानाही जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही, तिला दुसरं काय नाव पडणार? पण मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत डिवचलं होतं. "जगातल्या गोष्टी शिकवतात ना बाई? मग विचार की, जग पाहिलंय का! विचारलंस तर वर्षभर तुझी पाण्याची बाटली आम्ही भरू."

बाई रागावतील असं सगळ्यांना वाटलं. बाई हसल्या.

"नाही गं. मी तर अजून समुद्रसुद्धा पाहिलेला नाही. म्हणून तर वाचते. छान प्रश्न विचारलास!"

झालं! कुलूप जे उघडलं ते उघडलंच. त्या दिवसापासून ती वर्गात बोले, वाटेत बोले, जेवताना बोले, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे झोपेतही बोले. मैत्रिणी बाटल्या भरता भरता कपाळाला हात लावू लागल्या. "कुलूप उघडलं खरं, पण आता किल्ली कुठे ठेवली?"

बाईंचा हा जगातल्या गोष्टींचा तास दर शुक्रवारी शेवटचा. शेतांच्या मधोमध असलेल्या त्या शाळेत ग्रंथालय म्हणजे एक कपाट, आणि कपाटात पुस्तकांपेक्षा झुरळं जास्त. तरी बाईंनी कुठूनतरी थंडीच्या देशातली एक भाषांतरित कादंबरी पैदा केली होती. प्रत एकच, तिचीही शिवण उसवलेली. मग बाईंनी प्रकरणं सुटी केली आणि एकेका बाकाला एकेक वाटलं. ज्याने त्याने आपलं प्रकरण वाचायचं आणि आपल्या शुक्रवारी वर्गाला सांगायचं. दोन प्रकरणं सांगून झाली. तिसरं होतं 'बोका' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोराकडे. बोका नेमका शुक्रवारी पोटदुखीने आजारी पडायचा, आणि शनिवारी झाडावर चढलेला दिसायचा. कुलपाकडे होतं चौथं.

अशात हेडसर वर्गात आले. हेडसरांना गोष्टीबिष्टी म्हणजे वेळेची नासाडी वाटायची.

"येत्या शुक्रवारी पाहुण्या येणार आहेत," ते बाईंना म्हणाले. "डेअरीत नवीन मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअर बाई. तुमच्या त्या कादंबरीच्याच देशातल्या! इतके दिवस तास घेतलात ना? त्या लोकांबद्दल मुलांना काय कळलं, ते बघू तरी. नाहीतर हा तास गणिताला!"

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. ज्या तासाने कुलपाला बोलतं केलं, तोच तास जाणार?

"छे! काही जात नाही!" शाळा सुटल्यावर तिने मैत्रिणींना हापशाजवळ गाठलं. "मी सगळं ठरवलंय. त्या देशात पाहुण्यांचं स्वागत कसं करतात, ते चौथ्या प्रकरणात लख्ख लिहिलंय. ऐका!" आणि तिने वाचून दाखवलं:

'घरातल्या सगळ्यांनी हनुवटीखालून डोक्यापर्यंत पांढरी फडकी बांधली होती. पाहुणा दारात येताच सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे केली. कोणी चकार शब्द काढला नाही. पाहुण्याने टोपली उंबऱ्यावर ठेवली आणि तो मागच्या पावली परत गेला.'

"असं स्वागत?" एका मैत्रिणीने नाक मुरडलं.

"हीच आपली चूक!" कुलूप थेट बाईंच्या आवाजात म्हणाली. "बाई काय सांगतात? दुसऱ्याची रीत विचित्र वाटली तर आधी समजून घ्यावी. तोंड फिरवणं म्हणजे पाहुण्याकडे टक लावून न बघणं. किती सभ्य लोक!"

"आणि जबड्याला फडकं?"

"तो त्यांचा ठेवणीतला पोशाख असेल! वर्गातल्या सगळ्यांना सांगा, पण बाईंना अजिबात सांगायचं नाही. त्यांनाही चकित करायचं."

शुक्रवार उजाडला. कुलपाचा जबडा सकाळपासून ठणकत होता. "बडबडून बडबडून दुखणार नाही तर काय!" आई म्हणाली, आणि कुलपालाही ते पटलं.

शेवटच्या तासाला फडकी निघाली. कोणी उशीचा अभ्रा आणला, कोणी दूध गाळायचं कापड, बोक्याने तर वडिलांच्या बनियनची बाही कापून आणली होती. बाई पाहुण्यांसाठी खुर्ची आणायला गेल्या, आणि तेवढ्यात हेडसर पाहुण्यांना घेऊन दारात हजर!

कुलपाने टाळी वाजवली. अख्खा वर्ग गर्रकन भिंतीकडे वळला.

पाहुण्या ताडमाड उंच होत्या. आपली भाषा त्या डेअरीतल्या कामगारांकडून शिकलेल्या, त्यामुळे दिसेल त्याला 'दादा' म्हणत.

"नमस्कार, दादा लोक!" त्या म्हणाल्या.

शांतता. खिडकीतून एक शेळी तेवढी आत बघत होती.

"अरे, हे काय चाललंय?" हेडसर ओरडले. "कोणी बोलेल का?"

कोण बोलणार? रीत म्हणजे रीत! पाहुण्यांनी ते बांधलेले जबडे निरखले. मग दोन्ही गाल फुगवून हेडसरांना खूण केली. हेडसरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"गालगुंड? सगळ्यांना?"

पाहुण्यांनी मुलांसाठी आणलेली खाऊची पिशवी अलगद उंबऱ्यावर ठेवली आणि त्या मागच्या पावली अंगणात गेल्या.

कुलपाने हे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि तिला आनंदाने उडी मारावीशी वाटली. "बघितलंत?" ती फडक्यातून कुजबुजली. "अगदी पुस्तकातल्यासारखं! टोपलीच्या जागी पिशवी, एवढाच फरक!"

तिकडे हेडसर फोनकडे धावले, शिपाई फाटकाकडे धावला, आणि बातमी दोघांच्याही पुढे धावली. फाटकापाशी ती 'गालगुंड' होती, पिठाच्या गिरणीपाशी 'भयंकर साथ' झाली, आणि डेअरीपर्यंत पोचेतो 'नववीच्या सगळ्या पोरांचे जबडे निखळले'! दुधाचा टँकर अर्ध्या वाटेवरून परत फिरला. पोरांच्या आया हातातली कामं टाकून शाळेकडे धावत सुटल्या. आरोग्य केंद्रातल्या नर्सताई स्कूटरवरून उडतच आल्या.

आणि अख्खी शाळा धुंडाळून एकदाची मिळालेली खुर्ची घेऊन बाई आल्या. त्यांनी वर्गाकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची मांडून स्वतःच तीवर बसल्या.

"बोक्या," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझं तिसरं प्रकरण काढ. शेवटचं पान वाच. मोठ्याने."

बोक्याने बनियनची बाही सैल केली आणि अडखळत वाचलं, 'त्या आठवड्यात आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत घरातल्या सगळ्यांना गालगुंड झालं. सुजलेले गाल कोणाला दिसू नयेत म्हणून...'

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. वर्ग हसला, आया हसल्या, अंगणातून पुन्हा दारात आलेल्या पाहुण्या तर भिंतीला टेकून हसल्या. कुलपाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि तिने बाकासकट पोटात घ्यावं!

"आमच्याकडे पाहुणा आला, तर आम्ही कॉफी देतो, दादा," पाहुण्या डोळे पुसत कुलपाला म्हणाल्या. "बास. एवढंच."

हेडसर मात्र हसले नाहीत. "झाली ना शोभा? तास बंद! पुढच्या शुक्रवारपासून गणित!"

कुलूप उठली. तिचं तोंड आता बंद राहायला तयार नव्हतं.

"सर, चूक बाईंची नाही, पुस्तकाचीही नाही. मी एकच प्रकरण वाचलं आणि सगळा देश कळला असं समजले. गणितात मधलीच पायरी गाळली तर उत्तर चुकतं ना? मग तुम्ही काय गणित बंद करता?"

हेडसरांनी तोंड उघडलं, पण आधी बोलल्या त्या ओळीने सगळ्यांचे जबडे चाचपत आलेल्या नर्सताई.

"ए पोरी, थांब. इकडे बघ. इथे दाबलं की दुखतं?"

"आई गं!"

"सर," नर्सताई म्हणाल्या, "बाकी सगळे ठणठणीत. हिला मात्र खरंच गालगुंड आहे. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती तेच बरं! नाहीतर ही एवढी बोलणारी, तासाभरात हिने अख्ख्या वर्गाला गालगुंड वाटून टाकलं असतं."

आयांनी माना डोलावल्या. "मग पुस्तकानेच वाचवलं की पोरांना!" एक म्हणाली. आयांच्या घोळक्यासमोर 'तास बंद' म्हणायची छाती कोणाची? हेडसर घसा खाकरून म्हणाले, "राहू दे तास. पण प्रकरणं... क्रमाने वाचा!"

घरी कुलपाची रवानगी मागच्या खोलीत झाली. गाल भोपळ्यासारखे फुगले. बाईंनी अख्खी कादंबरी पुन्हा शिवून पाठवली होती, आणि ती मांडीवर घेऊन कुलूप पहिल्या पानापासून वाचत होती. संध्याकाळी आईने पेजेची वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि मागच्या पावली परत फिरली. मागे बाबा उभे होते.

"आई, बाबा, थांबा! मी ठरवलंय!" कुलूप ताडकन उठून दारात आली. "मी खूप शिकणार आणि त्या देशात जाणार. तिथली माणसं खरी कशी आहेत, ते माझ्या डोळ्यांनी बघणार!"

आईबाबांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जा की, बाळा," आई म्हणाली. "पण आधी तोंड भिंतीकडे कर. तुझ्या बाबांना अजून गालगुंड झालेलं नाही."