गोठणकरांच्या भिंतीचा नैसर्गिक प्रकाशातला फोटो

नायगावच्या सूर्यदर्शन सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शांताराम गोठणकरांच्या भिंतीला ओल आली होती. यात विशेष काही नाही. खाडीकाठच्या गावात भिंत उभी राहिली की ओल पाहुणी म्हणून येते आणि घरजावई होऊन राहते. विशेष एवढंच, की ही ओल नेमकी त्या खिडकीशेजारी आली होती, जिथे बसून मीरावहिनी साड्यांना फॉल लावत. सकाळचा उजेड त्या घरात तेवढ्याच जागी येई आणि गडद साडीवरचा टाका ट्यूबलाइटखाली दिसत नसे. त्यामुळे वहिनी जागा सोडत नव्हत्या आणि ओलही सोडत नव्हती. वहिनींना खोकला लागला. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं आणि तिसऱ्या खेपेला म्हणाले, "बाई, आता भिंत बदला."

बरोबर वरच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी धनेश म्हात्रे राहत. त्यांनी नुकताच बाथरूममध्ये आंघोळीचा टब बसवला होता. या दोन घटनांचा परस्परसंबंध जोडण्याची तरतूद सोसायटीच्या नियमांत नव्हती.

"धनेशभाऊ, एकदा खाली या आणि भिंतीला नुसता हात लावून बघा," गोठणकर म्हणाले.

"तसं नाय करता येत, गोठणकर. प्रत्यक्ष पाहनी बंद केलीय आपन."

ते खरं होतं. पूर्वी कमिटी एका सदस्याकडे गळती पाहायला गेली असताना तिथे कांदेपोहे झाले होते. पोहे खाऊन एका कमिटी सदस्याने गळती खरी असल्याचं सांगितलं. पुढच्या सभेत प्रश्न आला, की गळती पाण्याने सिद्ध झाली की पोह्यांनी? तेव्हापासून ठराव झाला, की गळतीचा निर्णय केवळ छायाचित्रावरून घेण्यात यावा. छायाचित्र पोहे देत नाही.

गोठणकरांची मुलगी अश्लेषा वसईत ऑगस्टीन यांच्या फोटो स्टुडिओत कामाला होती. स्टुडिओत नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि चांगल्या स्वच्छ फोटोवर फाटका कागद, गंजका पत्रा किंवा पोपडे आलेली भिंत चढवण्याची फॅशन जोरात होती. याला टेक्स्चर म्हणत. ज्यांची घरं नवीकोरी होती ते हौसेने पडक्या भिंती मागवत. अश्लेषाने मात्र यातलं काहीच केलं नाही. फ्लॅश बंद ठेवला, सकाळची वाट पाहिली आणि हिरव्या साडीवर वाकलेल्या आईचा फोटो काढला. खिडकीतून तिरपा उजेड येत होता आणि भिंतीचा एकेक पोपडा उठून दिसत होता.

ऑगस्टीनकाकांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "पोरी, हा स्पर्धेला पाठव."

"काका, हा सोसायटीसाठी काढलाय. ओल दाखवायला."

"मग बक्षीस मिळालेली ओल दाखव ना! वजन पडतं."

एका सांस्कृतिक मंडळाची 'घरातला प्रकाश' नावाची स्पर्धा होती. फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं, 'नैसर्गिक प्रकाशाचा संयत वापर. ओल्या भिंतीचं टेक्स्चर संगणकावर इतकं बेमालूम चढवलं आहे, की खरंच वाटतं.'

गोठणकर आनंदाने हा अभिप्राय घेऊन सभेत गेले. धनेशभाऊंनी तो दोनदा वाचला.

"हे तर म्हनतात, भिंत कॉम्प्युटरवर चढवलीय. परीक्षक शिकलेला मानूस. आपन त्यांच्या वर जायचं?"

"अहो, पण भिंत माझी आहे!"

"भिंत तुमचीच. ओल परीक्षकांची."

अश्लेषा परीक्षकांकडे गेली आणि भिंत खरोखरच तशी असल्याचं तिने सांगितलं. परीक्षकांचा चेहरा पडला. "म्हणजे यात तुझं कौशल्य काहीच नाही?" ते म्हणाले, आणि बक्षीस रद्द झालं. त्यावर कमिटीने नोंद घेतली, की स्पर्धेतून बाद झालेलं छायाचित्र पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही. आधी फोटो चांगला म्हणून खोटा ठरला, मग खरा म्हणून वाईट.

तरीही कमिटी निर्दय नव्हती. तिने दुसऱ्या फोटोला परवानगी दिली. फ्लॅशमध्ये ओल लपते आणि पिवळ्या दिव्यात कोरडी भिंतही ओली दिसते, म्हणून फोटो फक्त नैसर्गिक प्रकाशात काढावा. शिवाय फोटोत मीरावहिनी नकोत, कारण त्यांचा खोकला.

"खोकला फोटोत दिसत नाही, काका," अश्लेषा म्हणाली.

"दया येते ना पन," धनेशभाऊ म्हणाले.

त्याच आठवड्यात इमारतीला बांबूची परांची बांधून बाहेरून हिरवं कापड गुंडाळण्यात आलं. बक्षिसाचा फोटो पाहून सदस्य इतके भारावले होते, की त्यांनी दुरुस्ती निधीतून इमारतीला पुढून टेक्स्चर पेंट लावायचं एकमताने ठरवलं. आत उजेड येईना. कापडातून जो काही झिरपायचा तो अगदी खिडकीला चिकटून बसलं तरच मिळे, म्हणून वहिनींनी खुर्ची भिंतीला टेकवली. खोकला छातीत उतरला.

गोठणकर आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दारात जाऊन ओरडले. "धनेशभाऊ, माझी बायको खोकून खोकून अर्धी झालीय!"

"मला ऐकू येतं ना. मलाबी झोप नाय," धनेशभाऊ खरोखरीच्या कळवळ्याने म्हणाले. "पन खोकल्याचा फोटो कसा काढनार?"

गोठणकरांना रडू आलं. खाली येऊन त्यांनी भिंतीवर हात ठेवला. हात ओला झाला. पण त्यांच्या हाताला कमिटीत मत नव्हतं.

शेवटी मीरावहिनी निर्मळ गावी माहेरी गेल्या. तिथे केळीच्या वाडीत, मोकळ्या ओटीवर त्यांचा खोकला हळूहळू कमी झाला. इकडे रंगकाम संपलं, कापड उतरलं आणि रिकाम्या खुर्चीवर सकाळचा उजेड पडला. अश्लेषाने नियमाप्रमाणे फोटो काढला. नैसर्गिक प्रकाश होता, माणूस नव्हतं. कमिटीने तो ताबडतोब मान्य केला. निर्णय असा झाला: ओल स्पष्ट दिसते, मात्र त्या जागी सध्या कोणी बसत नसल्याने काम तातडीचं नाही.

पहिला फोटो मात्र वाया गेला नाही. ऑगस्टीनकाकांनी तो एका पतपेढीला दिला आणि तिने तो दिवाळीच्या कॅलेंडरवर छापला. ते घरोघर वाटलं गेलं. तुमच्याकडेही आलं असेल. हिरवी साडी, तिरपा उजेड, मागे भिंत. "काय सुंदर प्रकाश आहे!" असं तुम्ही म्हणालाच असाल, सगळेच म्हणाले. ती बाई खोकत असेल, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आता एक करा. ते कॅलेंडर जरा बाजूला सरकवा आणि मागच्या भिंतीला हात लावून बघा. एवढ्या मोठ्या घरात खिळा नेमका तिथेच का ठोकला, हे तुमचं तुम्हाला माहीत आहे.