जावयाची जाड गादी

"बसून तर पाहा, पाव्हणे!" झुंबरबाईंनी आग्रह केला आणि रामकिसन नव्या गादीवर बसला. बसला कसला, बुडाला. दोन्ही बाजूंनी कापूस फुगून वर आला, कमरेपर्यंत जावई त्यात रुतला, आणि त्याच घडीला त्याच्या पाठीवरून घामाची पहिली धार निघाली.

"कशी वाटली?"

"लई... लई कापूस हाय, मामी," तो म्हणाला.

बाहत्तर सालचा धोंड्याचा महिना नेमका वैशाखात आला होता. लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं, ही रीत. म्हणून वाटूरचा रामकिसन बायको द्वारकेला घेऊन टेंभुर्णीच्या सासुरवाडीला आला होता. वाण म्हणून झुंबरबाईंनी ही गादी शिवली होती. कापूस घरच्या रानातला, एकेक बोंड निवडून काढलेलं. खोळ लाल छिटाची, तिच्यावर मोठाली फुलं. टाके घालताना बाईंनी ओवीही जुळवली होती, आणि ती त्यांनी जावयासमोर लाजत म्हणून दाखवली:

वेचिते कापूस, बोंडाबोंडात चांदणं
लेकीच्या गं धन्याला, मऊ घालिते आंथरणं

आता अशा ओवीपुढे माणसानं काय बोलावं?

रामकिसनचं अंगच मुळी भाकरीच्या तव्यासारखं. मकर संक्रांतीला लोक शेकोटीला बसत, तेव्हा हा उघड्या अंगानं बसे. आंथरुणाची पारख मात्र त्याला होती. त्याच्या मते बाज असावी ती ढिल्या सुंभाची, म्हणजे खालून वारा खेळतो. तिच्यावर जुनं धोतर टाकावं, धुऊन धुऊन जाळी झालेलं. नवं कापड ऊब धरतं, जुनं सोडून देतं. त्यावर पाणी शिंपडावं, उशाला लाकडी पाट घ्यावा आणि डोळे मिटावेत. एवढ्या तयारीनं त्याला कुठं पहाटेची डुलकी लागे. आणि इथं तर कापसाचं अख्खं रान त्याच्या पाठीखाली घातलं होतं.

सासूची पाठ वळताच द्वारकेनं त्याला गाठलं.

"अवं, एक शब्द बोलू नका."

"अगं, पर मी जळून राह्यलो."

"जळा. माह्या मायनं संक्रांतीपासून हातानं सरकी काढली. बोटं सोलली तिची. तुम्ही नाक मुरडलं ना, मंग पुन्हा माहेरचं नाव काढायला मला तोंड राह्यचं न्हाई."

रामकिसननं बायकोकडं पाहिलं. दोन वर्षांत तिनं त्याच्याकडे लुगडं मागितलं नव्हतं की डोरलं. मागून मागून तिनं एवढंच मागितलं होतं.

"बरं," तो म्हणाला. त्या एका शब्दानं त्यानं आपला गळा कापून दिला.

ओसरीवर रात्र कशी गेली हे त्या गादीला ठाऊक. कूस बदलावी तर ज्या बाजूला वळे तिथला कापूस आधीच तापून वाट पाहत असे. पहाटे केव्हातरी त्यानं खाली फरशीवर अंग टाकलं, आणि गार दगडानं त्याला आईसारखं कुशीत घेतलं. तेवढ्यात झुंबरबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"अगं बाई! पाव्हणे खाली?"

द्वारका मागं उभीच होती. तिचे डोळे पाहून रामकिसनला खरं बोलायचा धीर झाला नाही.

"पलंग जरा उंच हाय, मामी. पडतो का काय असं वाटलं."

"एवढंच व्हय?" बाईंचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळपर्यंत त्यांनी आळीतले लोड गोळा केले आणि जावयाच्या दोन्ही अंगांना तटबंदीसारखे लावून दिले. आधी निदान बाजूनं वारा येत होता. आता तोही बंद झाला.

त्या संध्याकाळी त्यानं सासऱ्याला गाठलं. रखमाजी अंगणात नुसत्या बाजेवर, भिजवलेल्या बारदानावर पडले होते. बारदानाचा गार, मातकट वास येत होता. रामकिसनला तो अत्तरासारखा वाटला.

"मामा, आज मी हितं निजू का? तुम्ही आत गादीवर निजा."

रखमाजी ताडकन उठून बसले. "पाव्हणे, जावयाला बारदानावर निजवलं तर गाव माह्या तोंडात श्यान घालंल! आन् गादीवर मी? ती बाई मला जित्ता सोडंल का? आत झोप लागत न्हाई का?"

"लागती, पर..." रामकिसन अडखळला. "कुत्री लई भुकतात ना वट्ट्यावर."

"हात्तिच्या! मंग आधी सांगायचं न्हाई का?"

आणि गादी ओसरीवरून उचलून माजघरात गेली. माजघराला खिडकी नव्हती. एका भिंतीपलीकडे चूल होती, आणि त्या चुलीवर दिवसभर पुरण शिजत होतं. कुत्र्यांचा आवाज खरंच येईना. कशाचाच येईना. रामकिसनला वाटलं, थडग्यात असंच शांत असेल, फक्त तिथं थोडं गार असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या पंगतीत त्याला धोंडा गिळेना. डोळे लाल, ओठ सुकलेले. झुंबरबाईंनी काळजीनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"आवं, ऐकलं का! पाव्हण्याला ताप हाय! जल्दी तातेराव वैद्याला बोलवा!"

"मामी, ताप न्हाई. माहं अंगच तसलं हाय."

"तापात माणूस असंच बोलतो," झुंबरबाई म्हणाल्या.

तातेराव वैद्य आले. त्यांनी डोळे मिटून नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मान अशी हलवली की दारात उभ्या शेजारणींनी तोंडाला पदर लावले.

"ज्वर मुरला हाय आत. घाम फुटला पायजे."

"वैद्यबुवा," रामकिसन रडवेला झाला, "घामच तर फुटून राह्यला! तीन दिवस झाले, दुसरं काय फुटलं सांगा!"

"हा वरवरचा घाम. आपल्याला मुळातला काढायचा हाय. गादीवर निजवा. वरून रजई द्या. दार लावा. आन् सुंठीचा काढा गरम गरम."

वैशाखातल्या दुपारी, बिनखिडकीच्या माजघरात, चुलीच्या भिंतीला लागून, त्या गादीवर रामकिसनला निजवलं. वर रजई आली. रजईवर घोंगडी आली. पोटात काढा गेला. आडव्या पडलेल्या रामकिसनला आढ्याची लाकडं तेवढी दिसत होती, तीही हळूहळू वितळल्यासारखी वाटू लागली. त्याला वाटूरची ढिली बाज आठवली, जाळीचं धोतर आठवलं, आणि त्याच्या घशातून एक बारीक हुंदका निघाला.

तो हुंदका द्वारकेनं ऐकला. उशाशी बसून ती वारा घालत होती. वैद्यानं तिचा पंखासुद्धा काढून घेतला होता, तेव्हापासून पदरानं घालत होती. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला. उकडलेल्या रताळ्यासारखा झाला होता. तिचा निश्चय तिथंच सुटला.

"माय, ताप-बीप काही न्हाई!" ती एकदम म्हणाली. "ह्यांला गादी सोसतच न्हाई. घरी भिजल्या धोतरावर निजतात. मीच बोलू दिलं न्हाई तुला वाईट वाटंल म्हणून. काढ ती रजई!"

झुंबरबाईंचा हात काढ्याच्या वाटीवर तसाच राहिला.

"असं कसं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी का मनानं शिवली? तुह्या सासूनंच तर सांगून धाडलं. संक्रांतीला तुमच्या गावचा कडूबा आल्ता बैल पाह्यला, त्याच्याजवळ. दुर्गाबाईचा निरोप हाय म्हणला. आमच्या रामकिसनला जाड गादीबगर झोप येत न्हाई, धोंड्याला गादीच करा, चांगली जाड करा. आन् लांबीला जरा आखूडच करा म्हणला. मीच म्हणलं, पाव्हणे एवढे उंच, आन् गादी आखूड कशी? पर विहिणीचा शब्द."

रामकिसननं मान उचलून खाली पाहिलं. त्याचे पाय गादीबाहेर वीतभर उघडे पडले होते. त्याच्या आईची उंची मात्र त्या गादीत बरोबर बसली असती.

आणि मग त्याला आई दिसली. लग्नाकार्यात दुसऱ्याच्या घरी गेली की टाकलेल्या गादीवरून सहज म्हणून तळहात फिरवणारी. पोत्यावर वाकळ टाकून निजणारी, आणि सकाळी भिंतीला धरून एकेक मणका जागेवर बसवत उठणारी. गेल्या साली ती एकदाच म्हणाली होती, एखादी गादी भरावी का रे? आणि यानं हसून सांगितलं होतं, गादी म्हणजे भट्टी, आई, कोणाला सोसती? आपल्या पाठीवरून त्यानं तिची पाठ मोजली होती. तिनं पुन्हा विषय काढला नाही. बोलायची सोयच उरली नव्हती, म्हणून बिचारीनं विहिणीकडून, धोंड्याच्या आडून, जावयाच्या मानात दडवून ती गादी मागवली होती.

द्वारकेच्याही ध्यानात आलं. रामकिसनला तिच्या डोळ्यांत ते उजळताना दिसलं. सासूचे दोन वर्षांचे टोमणे तिनं मुकाट्यानं गिळले होते. आता एका वाक्यात सगळे फिटणार होते. दारात शेजारणी कान देऊन उभ्या होत्या. वाटूरच्या दुर्गाबाईनं लेकाच्या नावावर गादी उपटली, ही गोष्ट दिवस मावळायच्या आत टेंभुर्णीभर झाली असती.

रजई रामकिसनच्या छातीवरून अर्धी सरकली होती. बाहेरून कुठून तरी वाऱ्याची एक झुळूक आत आली आणि त्याच्या ओल्या गळ्याला लागली. किती गोड होती ती.

त्यानं रजई हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"मामी, द्वारका घाबरली, म्हणून काहीबाही बोलून राह्यली. आईनं सांगितलं ते बिलकुल खरं हाय. मला जाड गादीच लागती. ताप मात्र हाय मला. वैद्यबुवा बराबर बोलले."

तातेरावांनी शेजारणींकडे विजयानं पाहिलं. द्वारका नवऱ्याकडे बघतच राहिली. मग तिनं ओठ घट्ट मिटले, खाली वाकली आणि सासूवरचा सगळा राग एक शब्दही न बोलता रजईच्या कडेबरोबर त्याच्या अंगाखाली खोचून टाकला.

झुंबरबाईंच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"मी तर घाबरलेच व्हते, बाई. पाव्हणे, गादी आवडली ना मंग? खरं सांगा. कमी तर न्हाई पडली? घरात आणखी कापूस हाय. निघायच्या आत उसवून पुन्हा भरून देते."

रामकिसननं डोळे मिटले. कपाळावरून घाम ओघळून कानात शिरत होता.

"भरा, मामी," तो क्षीण आवाजात म्हणाला. "कमरेच्या जागी जरा जास्ती भरा."