काका सध्या गावात नाहीत

"बाई, त्या सिलिंडरवाल्याला सांगा, मी घरी न्हाई," दिगंबरकाका मला म्हणाले.

आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे काका, आणि काकांच्या फाटकात खांद्यावर सिलिंडर घेऊन उभा असलेला माणूस. तो काकांकडे बघत होता आणि काका त्याच्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही दिसताय त्याला."

"दिसू द्या. मी मदुराईला हाय," असं म्हणून काका घामेजल्या बनियनवर पळत अंगणाचा कोपरा वळले. सिलिंडर आल्या वाटेने परत गेलं. पुढचे आठ दिवस काकांनी परसात चुलीवर स्वयंपाक केला, आणि धूर बघून कुणी विचारलंच तर, काका गावात नाहीत, हे मला शपथेवर सांगावं लागलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. माझ्या शब्दाला आमच्या डोंगरकडा गावात थोडा तरी मान होता, तो त्या आठवड्यात गेला.

तुम्हाला वाटेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला. तसं काही नाही. भ्रमिष्ट माणसाशी निदान वाद घालता येतो. काकांच्या वागण्यामागे शिस्त होती, आणि ती एसटीची होती. काका वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. लोक त्यांना कंट्रोलर म्हणत. हिंगोलीच्या स्टँडवर खिडकीत बसून भोंग्यातून गाड्या पुकारायच्या आणि आलेल्या-गेलेल्या गाडीची नोंद घ्यायची, यात उभा जन्म गेला. "एंट्री घ्या" हे त्यांचं पालुपद. माझे सासरे वारले तेव्हा सगळ्यात आधी काकाच धावत आले. त्यांनी नाडी बघितली, घड्याळ बघितलं, "आठ पस्तीस. एंट्री घ्या," म्हणाले आणि मग लहान मुलासारखे रडले.

गंमत अशी की या माणसाला गाडी लागते. उभ्या गाडीशी त्यांचं काही वाकडं नाही, पण गाडी हलली की यांच्या पोटात ढवळायला लागतं. नोकरीत असताना साप्ताहिक सुट्टीला ते हिंगोलीहून डोंगरकड्याला सायकलने येत, चाळीसेक किलोमीटर. लग्न राहिलं तेही याच पायी. जिंतूरकडची मुलगी बघायला गेले ते गाडीतून उतरताच पाहुण्यांच्या ओट्यावर आडवे झाले. पोहे समोर आले आणि काकांनी तोंड फिरवलं. पाहुणे समजले, पोरगी पसंत नाही. असे तीन कार्यक्रम झाल्यावर नातेवाइकांनी नाद सोडला. काका एकटे राहिले आणि आयुष्यभर दुसऱ्यांना गावोगाव पाठवत राहिले.

पळण्याचं हे लचांड त्यांच्या गळ्यात मीच घातलं, आणि तेही चांगल्या हेतूने नाही. माझ्या पुण्याच्या भाचीने मला फोनवर एक लिंक पाठवली. अपंग मुलांच्या एका शाळेला गाडी घ्यायची होती, त्यासाठी पळायचं. कुठेही पळा, फोन खिशात ठेवा, तो किलोमीटर मोजतो आणि नकाशावर तुमचा लाल ठिपका पुढे सरकवतो. तुम्ही निवडलेलं अंतर सहा महिन्यांत पुरं झालं तर तुमच्या नावाने देणगीदार त्या गाडीसाठी पैसे देणार. एक किलोमीटर जरी कमी पडला तरी काही नाही. मला जिना चढताना धाप लागते. मी विचार केला, काका रोज संध्याकाळी भिंतीशी येऊन तास तास गाड्यांची वेळापत्रकं ऐकवतात, त्यांना हे लावून दिलं की दोन्ही कामं होतील.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लेकरांना गाडी? पायानं अधू लेकरांना?" मी हो म्हटलं. "स्टँडवर एक माय यायची बाई, पोराला पाठीवर घेऊन. पोरगं चांगलं मिसरूड फुटलेलं. ती चढेस्तोवर गाडीचा टाइम होऊन जायचा. मी भोंग्यातून बोंबलायचो, थांबा म्हणून. दुसरं काय करणार?" एवढं बोलून त्यांनी फोन पुढे केला. "घाला नाव."

अंतर निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी कन्याकुमारी ते डोंगरकडा स्टँड असं सांगितलं. पंधराशे किलोमीटर. मी म्हटलं, "कन्याकुमारीच काहून?"

"भोंग्यातून कधी पुकारली न्हाई म्हणून."

आता सुरुवात कन्याकुमारीहून म्हणजे आधी तिथे पोचायला हवं. साधी गोष्ट आहे, पण मला सुचली नव्हती. दसऱ्यानंतर एका सकाळी काका पिशवी घेऊन भिंतीशी आले, मला हातावर दही घालायला लावलं आणि जाऊन आपल्याच ओट्यावरच्या खुर्चीत बसले. नाकाशी लिंबू, डोळे मिटलेले. दोन दिवस बसून होते. पहिल्या दिवशी दुपारी मी हाक मारली तर हातानेच गप्प राहायची खूण केली. नंतर कळलं, कर्नूलच्या पुढे त्यांना दोनदा उलटी झाली होती. खरोखरची. तिसऱ्या दिवशी सकाळी ताजेतवाने होऊन उठले आणि म्हणाले, "पोचलो. समुद्र लई मोठा हाय, बाई." आणि अंगणात पहिली फेरी सुरू झाली.

बाहेर रस्त्यावर का पळत नाही, असं मी विचारलं होतं. त्यावर त्यांनी मी नोकरीला नालायक असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "नकाशात मी तिथं हाय. मग डोंगरकड्याच्या रस्त्यावर कसा दिसेन? एक गाडी दोन स्टँडवर उभी ऱ्हाती का?" अंगणाचं काय, तर अंगण ही नुसती व्यवस्था होती.

माणूस गावाला गेल्यावर जे जे करतो ते सगळं त्यांनी केलं. दूध बंद केलं. वीज कमी वापरली. तमिळनाडूत भाकरी मिळत नाही म्हणून दोन महिने नुसता भात खाल्ला आणि लुंगी नेसली. आमच्याकडे अवकाळी पाऊस झाला तर ते भिजत पळत होते आणि म्हणत होते, "इथं कोरडं हाय." पलीकडच्या बाजूला तुकाराम राहतो, हळदवाला. त्याच्या थोरलीची वरात काकांच्या दारावरून गेली. बँड वाजत होता, अख्खं गाव नाचत होतं, आणि काका भिंतीच्या आत पळत होते. आहेराचं पाकीट माझ्याजवळ दिलं होतं, त्यावर लिहिलं होतं, 'सेलमहून'. तुकारामने ते घेतलं, पण त्याला ते लागलं. "तीन हात लांब असून माणूस येत न्हाई म्हंजे काय?" असं तो चारचौघांत म्हणाला.

पहिल्यांदा गावाने चेष्टा केली. मग हळूहळू चौकशी सुरू झाली. पानटपरीवर लोक मला अडवून विचारू लागले, "काका कुठवर आले?" मी शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज गाव लिहायला लागले. भूगोलाच्या तासाला ज्यांना हिंगोलीचे तालुके येत नव्हते ती पोरं कृष्णगिरी, अनंतपूर धडाधड सांगू लागली. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी विचारलं, अनंतपूरचं महत्त्व काय? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, तिथे काकांच्या पायाला फोड आला.

फाल्गुन सरत आला तेव्हा काका हैदराबाद मागे टाकून बिलोलीपर्यंत आले होते. आता नांदेड, अर्धापूर आणि घर. मुदत संपायला जेमतेम दोन आठवडे उरले होते आणि शंभराच्या वर किलोमीटर बाकी. रोजचा आठाचा रेटा ठेवला तर जमणार होतं, एक दिवसही मोडून चालणार नव्हतं. आणि नेमकं अशातच एका सकाळी तुकारामने आपली शिजवलेली हळद काकांच्या अंगणात वाळत घातली.

आमच्याकडे हळदीच्या दिवसांत जागेची मारामार असते. गच्ची, खळं, देवळासमोरचं पटांगण, जिथे ऊन तिथे हळद. घरधनी गावाला गेला असेल तर त्याच्या अंगणात शेजाऱ्याने वाळवण घालायचं, यात कुणी विचारत नाही आणि कुणी नाही म्हणत नाही. तुकारामने रिवाजाप्रमाणेच केलं होतं. अंगणभर पिवळाधमक थर, फाटकापासून परसापर्यंत, पाऊल ठेवायला जागा नाही. आणि काका ओट्यावर उभे. त्यांना बोलता येईना, कारण ते घरी नव्हते.

शेवटी त्यांनी आत जाऊन तुकारामला फोन लावला. तुकाराम त्यांच्याच अंगणात फावडं घेऊन उभा होता. मी भिंतीशी होते, मला दोघांचंही ऐकू येत होतं.

"तुकाराम, मी बिलोलीहून बोलून राहिलो. माझ्या अंगणात हळद कुणी टाकली?"

तुकारामने खिडकीतून दिसणाऱ्या काकांकडे बघितलं. "मी टाकली, काका. तुमी न्हाई म्हणून टाकली. तुमी आले की लगेच उचलतो."

"अरे, पण तू उचलल्याबगर मी येणार कसा?"

"रस्ता खराब हाय का तिकडं?"

"रस्ता बंद हाय."

"मंग बिलोलीत माझी सासुरवाडी हाय, काका. लाजू नका, तिथं जेवून घ्या," असं म्हणून तुकारामने फोन खिशात टाकला आणि हळद खालीवर करायला लागला.

काकांना कबूल करायला एकच वाक्य पुरलं असतं, की बाबा, मी इथेच आहे. ते त्यांनी केलं नाही. ते घरात पळू लागले. ओट्यापासून स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत आणि परत. दिवसभर माझ्या भिंतीतून धपधप ऐकू यायचं. मांडणीवरची भांडी पडली, एकदा ते स्वतः उंबऱ्याला अडखळून पडले आणि गुडघा फुटला. तिसऱ्या दिवशी लंगडत पळताना पाहिल्यावर मी तुकारामला चार शब्द सुनावले. तो हळद खालीवर करत राहिला. पण संध्याकाळी त्याच्या बायकोने झाकलेलं ताट काकांच्या ओट्यावर ठेवलं आणि दाराकडे तोंड करून सांगितलं, "आमच्या माहेरून आलंय." काकांनी ते घेतलं. रोज येत राहिलं. आठव्या दिवशी हळद नीट वाळायच्या आतच तुकारामने ती उचलून आपल्या गच्चीवर नेली.

मुदतीच्या आदल्या दिवशी काका भिंतीशी आले. अर्धापूर कधीच मागे पडलं होतं, शेवटचा टप्पा उरला होता. वाळले होते, दाढी वाढली होती. मला वाटलं वेळापत्रक सांगतील. पण ते भिंतीवरचा चुना नखाने खरडत राहिले.

"उद्या चारला स्टँडवर पोचतो, बाई. शेवटचा किलोमीटर डोंगरकड्यातलाच हाय, तो बराबर रस्त्यानं येता येईल."

"वा. छान झालं."

"तुमाला तकलीफ नसंल तर..." ते थांबले. "तुमी घ्यायला येता का?"

मी काही बोलण्याआधीच ते घाईने म्हणाले, "न्हाई, आपलं सहज. गाडी लागली की कुणी ना कुणी पुढं येतं, बाई. कुणाचा बाप, कुणाची बायको. पिशवी घेतेत हातातली. इतकी वर्सं खिडकीतून बघितलं. मी कुठं गेलोच न्हाई, तर मला घ्यायला कोण येणार?"

मला लाज वाटली. संध्याकाळी तासभर गप्पा नकोत म्हणून मी या माणसाला पंधराशे किलोमीटर पिटाळलं होतं. मी येते म्हटलं आणि घाईघाईने आत गेले.

दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं असताना मी स्टँडवर गेले. ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेतला होता. तुकाराम आणि त्याची बायको आधीच येऊन उभे होते. चार वाजले. सव्वाचार झाले. काका नाहीत. मुदत त्याच दिवशी संपत होती. तुकारामच्या जिवाला चैन पडेना, "गुडघा धरला असंल, कुठं पडले असतील," म्हणत तो रस्त्याने बघायला गेला आणि लगेच परत आला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "काका त्या रसवंतीच्या मागं उभं हाईत. कव्हाचे. आपल्याकडंच बघून राहिलेत. हाक मारू का?"

मी न वळता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. रसवंतीच्या हिरव्या जाळीआड काका उभे होते, आणि आम्ही वाट बघत असलेलं बघत होते.

"नको," मी म्हटलं. "थांबू आपण."

मग आम्ही चांगली वाट बघितली. मी कपाळावर हात धरून रस्त्याकडे पाहिलं. तुकारामच्या बायकोने दोनदा पदर सारखा केला. तुकारामने तर नांदेडहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरला विचारलं, "मागं कुणी पळत येताना दिसलं का हो?"

पावणेपाचला काका पळत आले. आमच्यापाशी पोचताच खिशातल्या फोनने टाळ्या वाजवल्या, म्हणजे लेकरांच्या गाडीचं काम झालं होतं. त्यांनी फोन काढलाही नाही. मी पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला. तुकारामने त्यांच्या हातातली रिकामी पिशवी घेतली.

"लई वेळ थांबावं लागलं का?" काकांनी धापा टाकत विचारलं.

"पाऊण तास," मी म्हटलं.

"पाऊण तास," काका म्हणाले. घरी जाताना ते पानटपरीशी थांबले, पिठाच्या गिरणीशी थांबले, आणि कुणी काही विचारलं नसताना प्रत्येकाला सांगत राहिले, "ही माणसं माझ्यासाठी पाऊण तास उभी होती."