बोल्मेची गोष्ट शेवटपर्यंत ऐकण्याबाबत

कोणत्याही राज्याचा उद्धार करायला निघालेल्या टोळीत एक बुटका असावाच लागतो, आणि तो लबाड, थापाडा आणि तोंडाळ असावा लागतो. असा काही कायदा नाही. पण तो मोडला तर काय होतं हे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मागे उरतात नायक, चेटकीण आणि तो उंच, उदास धनुर्धारी, आणि तिघंही जगाच्या अंताविषयी बोलत सुटतात.

स्वीडनमधल्या सुंड्सवाल गावच्या एका गेम स्टुडिओत बुटका लिहायचं काम टोर्केल हेडलवकडे होतं. बुटक्याचं नाव बोल्मे. कमरेला चौदा चोरकिल्ल्या, दाढीत कोंबडीचं हाड आणि पोटात एकशे बारा गोष्टी. (हाड काढावं का, यावर दोन बैठका झाल्या. हाड राहिलं.) टोर्केल सहा वर्षं दुसरं काहीच लिहीत नव्हता. यल्मार नावाच्या एका म्हाताऱ्या नाटकवाल्याने त्या सगळ्या गोष्टी घसा बसेपर्यंत बोलून दिल्या होत्या, आणि अधूनमधून स्वतःच हसला होता. ते हसूही ठेवलं होतं.

सोमवारच्या बैठकीत टोर्केल म्हणाला, "बोल्मे बोलायला लागला की एकही माणूस गोष्ट तोडायचं स्किपचं बटण दाबणार नाही. लिहून ठेवा."

लिहून ठेवण्यात आलं. तिथे सगळंच लिहून ठेवतात.

मंगळवारी गावातल्या चाळीस लोकांना बोलावून गेम खेळायला बसवलं. निष्कर्ष पुढीलप्रमाणे:

गोष्ट मध्येच तोडणारे: अडतीस.
तोडण्याआधी ऐकलेला सरासरी वेळ: पावणेदोन सेकंद.
गोष्ट पूर्ण ऐकणारे: दोन. (पैकी एकजण संडासात होता. दुसरी टोर्केलची सासू.)

स्टुडिओची प्रमुख गुन्नेल. पण तिथे प्रमुखालाही सगळे अगं-तुगं करतात आणि प्रमुख कधीच नाही म्हणत नाही. सगळ्यांनी गोल बसायचं, एकेकाने आपल्याला कसं वाटतं ते सांगायचं, आणि कोणाला काहीच वाटेनासं झालं की निर्णय झाला असं धरायचं. ही पद्धत अतिशय माणुसकीची आहे. माणसाला कोणी काढून टाकलं हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

या पद्धतीने असं ठरलं की शुक्रवारी पुन्हा चाळीस जण बसवायचे. त्यातल्या वीस जणांनी बोल्मेची एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकली तर बोल्मे राहील. नाहीतर त्याचं तोंड काढून टाकायचं आणि त्याला खेचराच्या जागी टोळीचं सामान वाहायला ठेवायचं.

"हे शिक्षेसारखं घेऊ नकोस हं, टोर्केल," गुन्नेल म्हणाली. "आपण सगळे मिळून शोधतोय."

"काय शोधतोय?"

"तेच शोधतोय."

बुधवारी टोर्केलने उपाय काढला: बोल्मेला भावना द्यायच्या. कोणी बटण दाबलं की तो दुखावणार, गप्प होणार आणि तरातरा निघून जाणार. रीइका नावाची फिनलंडची एक प्रोग्रामर होती. ती दिवसाला साधारण नऊ शब्द बोलायची. तिने तासाभरात ते करून दिलं. बोल्मे निघून जाऊ लागला. चाचणीला आलेल्या लोकांना ते फार आवडलं. ते त्याला परत बोलावून पुन्हा पुन्हा दुखवू लागले. एका निवृत्त पाद्रीबुवांनी हे सत्तेचाळीस वेळा केलं आणि शेवटी कागदावर लिहिलं, 'मन मोकळं झालं.' अहवालात याची नोंद 'पात्राशी घट्ट भावनिक नातं' अशी झाली. ऐकणारे मात्र दोनच राहिले. (सासूबाई पुन्हा आल्या होत्या.)

गुरुवारी बोल्मे गोष्टीवर प्रश्न विचारू लागला. बकरीचं नाव काय? खाणीत आधी कोण पडलं? उत्तर चुकलं की गोष्ट पहिल्यापासून. साडेअकराला एक दंतवैद्य रडायला लागला. त्याला पाणी दिलं, बाहेर वाऱ्यावर नेलं आणि प्रश्न बंद केले.

त्याच दिवशी संध्याकाळी आकडे बघताना रीइकाच्या भुवया किंचित वर गेल्या.

"तीन वाजता ऐकतात," ती म्हणाली.

टोर्केलने कागद ओढून घेतला. खरंच होतं. दिवसभर दोन आणि तीन वाजता एकदम सतरा. सतरा जणांनी पाच मिनिटांची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली होती. शेऱ्याच्या रकान्यात यंत्राने नोंदवलं होतं: 'संपूर्ण तन्मयता. बोटांची हालचाल शून्य.'

टोर्केलला भरून आलं. दुपार कलली की माणूस हळवा होतो, उजेड तिरपा येतो, गोष्ट ऐकावीशी वाटते, वगैरे त्याने रीइकाला बराच वेळ समजावून सांगितलं. रीइकाने त्याला काही सांगितलं नाही. तिचे त्या दिवसाचे शब्द बहुधा संपले होते. शुक्रवारची चाचणी बरोबर तीनला घ्यायचं ठरलं आणि कोणालाच त्यावर काही वाटलं नाही.

शुक्रवारी एकोणचाळीस जण आले. चाळिसावा आजारी पडला. गुन्नेल म्हणाली की आकडा पूर्ण असलेला बरा, स्टुडिओतलं कोणीही बसलं तरी चालेल. टोर्केल बसला.

तीन वाजले. चाळीस पडद्यांवर चाळीस बोल्मे शेकोटीपाशी बसले, घसे खाकरले आणि गोष्ट सांगू लागले. त्याच क्षणी स्वयंपाकघरात कॉफीची घंटा झाली. दालचिनीच्या बनचा वास आला.

त्या देशात तीनच्या कॉफीला उठत नाही असा माणूस नाही. ऑपरेशन चालू असेल तर टाके घालून उठतात असं म्हणतात. वीस जण घाईचे होते. त्यांनी बटण दाबून गोष्ट संपवली आणि उठले. उरलेल्या एकोणीस जणांनी कंट्रोलर तसाच टेबलावर उपडा ठेवला आणि उठले.

दालनात टोर्केल एकटा उरला. समोर रिकाम्या खुर्च्यांची रांग, आणि एकोणीस बोल्मे त्या खुर्च्यांना हातवारे करून गोष्ट सांगतायत. यल्मार एकोणीस तोंडांनी हसतोय. संपूर्ण तन्मयता. बोटांची हालचाल शून्य.

दारात रीइका उभी होती. तिच्या हातात दोन बन होते.

"एकोणीस झाले," ती म्हणाली. "ठेव तो कंट्रोलर खाली. चल."

विसावा व्हायला तेवढंच करायचं होतं. टोर्केलने एकदा त्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं.

"नाही," तो म्हणाला. "एकाने तरी ही नीट ऐकायला नको? सहा वर्षं घातलीत मी."

"बरं," रीइका म्हणाली आणि त्याचा बन खाऊ लागली.

टोर्केल ताठ बसला, कंट्रोलर दोन्ही हातांत धरला आणि ऐकू लागला. पहिली वीस सेकंद फार छान गेली. मग बोल्मे बाजारातल्या बकरीपाशी आला. बकरी दोन वाक्यं जास्त चालली होती. हे त्याला आधीच माहीत होतं. कापायचं राहूनच गेलं होतं. पुढे खाण होती, खाणीत काका पडणार होता, मग तो विनोद येणार होता, आणि तोही त्याला पाठ होता.

सत्ताविसाव्या सेकंदाला टोर्केलने बटण दाबलं.

(वाचकांपैकी ज्यांनी मंगळवारचे आकडे नुसते डोळ्यांखालून घातले, बुधवार चाळला आणि 'त्याचं पुढे काय झालं' म्हणून थेट इथे उडी मारली, त्यांनी टोर्केलला हसू नये. त्यांचीही बोटं काय करत होती ते त्यांना माहीत आहे.)

नोंद एकोणिसाची झाली. सोमवारी सगळे गोल बसले, आणि टोर्केललाही काही वाटेनासं झाल्यावर रीइकाने बोल्मेची सामान वाहणाऱ्या खेचराशी अदलाबदल केली. काम बदललं, त्याबरोबर आवाजही बदलले. गेम बाजारात गेल्यावर हे लक्षात आलं. बोल्मे आता पाठीवर चार पोती घेऊन मुकाट चालतो आणि चढ आला की फुरफुरतो. एकशे बारा गोष्टी खेचर सांगतं. खेचराला स्किपचं बटण ठेवलेलं नाही.